इंटरव्ह्यूनंतर आभाराचा मेल: कुणाला, कधी, आणि त्यात लिहायचं काय?

कुंडलिका_काठ (जालना)

नमस्कार मंडळी. बी.ई. मेकॅनिकल, दोन वर्षांचा अनुभव. आज दुपारी वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी इंटरव्ह्यू झाला. समोर तिघं होते: एचआर मॅडम, क्वालिटी हेड आणि प्लँट हेड. बोलावणं मेलवर आलं होतं, वेळ मात्र एचआर मॅडमनी व्हॉट्सॲपवर ठरवली.

मित्र म्हणायलेत थँक यू मेल पाठव. घरचे म्हणतात, उगं मागं लागल्यासारखं दिसतं. म्हणून विचारतो:

पाठवावा का? मेल की व्हॉट्सॲप? तिघांना वेगवेगळा की एकच? इंग्रजीत की मराठीत? आणि सीपी-सीपीकेच्या (प्रोसेस ठरलेल्या मापात किती बसते ते सांगणारे दोन आकडे) प्रश्नाचं उत्तर अर्धवट राहिलं, ते मेलमध्ये पूर्ण केलं तर चालतं का?

एचआर_चिकलठाणा

पाठव. मागं लागल्यासारखं कधी दिसतं, तर मेलमध्ये निकाल विचारलेला असतो तेव्हा. निकालाचा विषयच काढला नाहीस तर कुणाला खटकत नाही.

पण या मेलकडून काय मिळतं ते आधी समजून घे. ज्याला नाही म्हणायचं ठरलंय त्याला मेलमुळं नोकरी मिळत नाही. उपयोग होतो तो दोन-तीन उमेदवार जवळपास सारखे असले की. आणि तिथं आपल्याकडच्या एचआरची एक खास अडचण आहे. ऑफर दिली, पोरगा हो म्हणाला, आणि रुजू व्हायच्या तारखेला आलाच नाही, कारण मधल्या काळात त्याला चाकणची ऑफर लागली. मग सगळी प्रक्रिया पहिल्यापासून. म्हणून तुझ्या मेलमधलं सगळ्यात कामाचं वाक्य आभाराचं नाही. निवड झाली तर किती दिवसांत रुजू होणार आणि वाळूजला राहणार कुठं, ते सांगणारं वाक्य सगळ्यात कामाचं. जालन्याहून संभाजीनगरच साठेक किलोमीटर, वाळूज त्याच्याही पुढं. पहिल्या शिफ्टला हा पोचणार कसा, हा प्रश्न त्यांनी तोंडावर विचारला नसला तरी मनात असतोच. बजाजनगरला किंवा रांजणगाव शेणपुंजीला खोली घ्यायचं पक्कं असेल तर तसं लिही. पक्कं नसेल तर लिहू नकोस, नंतर तेच वाक्य काढून दाखवतील.

वेळ: आज संध्याकाळी सातच्या आत किंवा उद्या सकाळी दहाच्या आसपास. चोवीस तासांच्या पुढं नेऊ नकोस. बऱ्याच कंपन्यांत पॅनेल त्याच दिवशी गुणांचा फॉर्म भरतं आणि एचआर एक-दोन दिवसांत नावं वर पाठवते. त्यानंतर आलेला मेल चांगला असला तरी फाईल तोवर पुढं गेलेली असते. रात्री अकराला लिहून झाला तर जीमेलमध्ये ‘शेड्यूल सेंड’ करून सकाळची वेळ लाव.

कुठं पाठवायचा: ज्या मेलवरून इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं त्यालाच उत्तर म्हणून. विषयाची ओळ बदलू नकोस. बदललीस की जीमेलमध्ये तो नवा मेल होतो आणि तुझा रिझ्युमे, बोलावणं आणि आभार यांची साखळी तुटते. मॅडमला मग तू कोणत्या जागेचा उमेदवार ते शोधावं लागतं.

इथं एक मोठी चूक होते, नीट वाच. काही ठिकाणी एचआर एकाच मेलवर पंधरा-वीस उमेदवारांना बोलावते आणि सगळ्यांचे पत्ते उघडे राहतात. ‘रिप्लाय ऑल’ दाबलं की तुझे आभार, तुझा नोटीस पिरिअड, सगळं त्या वीस जणांकडं जातं. साधं ‘रिप्लाय’ दाब आणि वरती कुणाकुणाचा पत्ता आलाय ते एकदा बघ.

तिघांचं: क्वालिटी हेड आणि प्लँट हेड यांनी कार्ड दिलं असेल किंवा मेलच्या सीसीमध्ये ते असतील, तरच त्यांना वेगळा मेल. पत्ता अंदाजानं बनवू नकोस. नाव टिंब आडनाव असा पत्ता करून पाठवणारे पुष्कळ आहेत. एकतर तो परत येतो, नाहीतर त्याच नावाच्या भलत्याच माणसाला जातो. पत्ते नसतील तर एचआर मॅडमना एकच मेल आणि त्यात ‘दोन्ही सरांनाही माझे आभार कळवावेत’ एवढं पुरे. वेगवेगळे पाठवलेसच तर मजकूर सारखा ठेवू नकोस, तिघं शेजारी-शेजारी बसतात.

व्हॉट्सॲपवर वेळ ठरली होती ना, मग तिथं फक्त दोन ओळी: आजच्या मुलाखतीबद्दल आभार, मेल पाठवला आहे, खाली पूर्ण नाव आणि जागेचं नाव. व्हॉइस नोट नको, हात जोडल्याचं चित्र नको, दुसऱ्या दिवशी शुभ सकाळ नको. निळी टिक आली आणि उत्तर नाही आलं, तर त्याचा काहीही अर्थ काढू नकोस. दिवसाला असे कितीतरी मेसेज त्या फोनवर येतात.

भाषा: इंटरव्ह्यू इंग्रजीत झाला असेल तर मेल इंग्रजीत, साध्या छोट्या वाक्यांत. मराठीत झाला असला तरी कंपनीचा पत्रव्यवहार इंग्रजीत असेल तर इंग्रजीच बरी, कारण मेल पुढं पाठवला जातो आणि वरचे साहेब मराठी असतीलच असं नाही. बँका-पतसंस्था, शाळा, सामाजिक संस्था इथं मराठी उत्तम.

मायक्रॉन

सीपीकेबद्दल लिही. दोन-तीन ओळीत.

अर्धवट राहिलेलं उत्तर मेलमध्ये कधी पूर्ण करावं, यावर माझं मत स्पष्ट आहे. एकच उत्तर, आणि तेही ज्या कामासाठी घेणार त्याच्या गाभ्यातलं असेल तर जरूर करावं. पाच उत्तरं चुकली असतील तर एकही नको. तो मेल नाही, पुरवणी होते. पुस्तकाच्या पानाचा फोटो तर अजिबात जोडू नका, त्यातून एवढंच कळतं की तुम्हाला पान सापडलं.

सीपी मोजतं प्रोसेसचा पसारा टॉलरन्सच्या, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाच्या, मानानं किती आहे: वरची मर्यादा वजा खालची मर्यादा, भागिले सहा सिग्मा (सिग्मा म्हणजे मापं सरासरीभोवती किती पसरतात तो आकडा). सरासरी मधोमध आहे की एका कडेला सरकली, हे त्याला कळत नाही. सीपीके दोन्ही बाजूंचं अंतर वेगवेगळं तीन सिग्मानं भागतं आणि जे लहान येईल ते घेतं.

आकड्यात बघ. शाफ्टचा व्यास २०.०० अधिक-उणे ०.०५ मिमी. सिग्मा ०.०१, सरासरी २०.०२. सीपी आलं ०.१० भागिले ०.०६, म्हणजे १.६७. सीपीके वरच्या बाजूनं ०.०३ भागिले ०.०३, म्हणजे १.००. खालच्या बाजूनं २.३३ येतं, पण धरायचं लहान. गाड्यांच्या धंद्यात ग्राहक साधारण १.३३ किंवा १.६७ मागतो, म्हणजे हा सीपी पाहून खूश होणारा माणूस सीपीके पाहून सेटिंग बदलायला पळेल. हे उदाहरण तुझ्या मेलमध्ये एका ओळीत बसतं. ‘सेटिंग मधे आणलं तर मशीन न बदलता सीपीके १.६७ पर्यंत जाऊ शकतो’ हेही जोड. क्वालिटी हेडला व्याख्येपेक्षा हे जास्त हवं असतं.

दुसरं. इंटरव्ह्यूत त्यांनी स्वतःच्या लाईनवरची कुठली अडचण सांगितली का? बर (कापल्यावर कडेला राहणारी धातूची कुसळं), गेज आर अँड आर (मोजमाप किती भरवशाचं ते तपासणं), ग्राहकाची तक्रार, काहीही. तिचा एका वाक्यात उल्लेख कर, त्यावरून लक्ष दिलंस ते कळतं. मात्र ग्राहक कंपनीचं नाव आणि रिजेक्शनचे आकडे मेलमध्ये लिहू नकोस. ते त्यांनी तुला विश्वासानं सांगितलेलं असतं, आणि मेल कुठंही पुढं जाऊ शकतो. शॉप फ्लोअरचा फोटो स्टेटसला लावला असशील तर आत्ता काढ.

कुंडलिका_काठ (जालना)

खूप आभार दोघांचेही. अडचण सांगितली होती: बोअरला, म्हणजे भागातल्या भोकाला, बर राहते, त्यामुळं सगळा ताण फायनल इन्स्पेक्शनवर पडतो. कच्चा मजकूर खाली देतो. आधी मराठीत लिहिलाय, ठीक झाला की इंग्रजीत करतो. बिनधास्त कापा.

‘रिस्पेक्टेड सर/मॅडम, आपण आपला अमूल्य वेळ काढून मला संधी दिलीत त्याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे. आपली कंपनी ही या क्षेत्रातील अग्रगण्य कंपनी असून तेथे काम करणे हे माझे स्वप्न आहे. मी मेहनती व प्रामाणिक असून टीममध्ये काम करू शकतो. घरी कोरडवाहू शेती असून यंदा सोयाबीन हातचे गेले आहे, तरी माझा सहानुभूतीने विचार व्हावा ही नम्र विनंती. निकाल कधीपर्यंत कळेल? सोबत रिझ्युमे, सर्व मार्कमेमो व आधार कार्ड जोडत आहे.’

एचआर_चिकलठाणा

वरून खाली जाऊ.

‘सर/मॅडम’ अशी तिरकी रेघ म्हणजे मेल कुणाला लिहिलाय हे तुलाच माहीत नाही. नाव माहीत आहे ना, मग आडनाव आणि पुढं मॅडम. स्पेलिंग त्यांच्या मेलच्या खालच्या सहीतून उचल, कानावर भरवसा ठेवू नकोस. एकच आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहितात. शहराचं नाव लिहायची वेळ आलीच तर कंपनीच्या लेटरहेडवर जसं आहे तसंच.

‘अमूल्य वेळ’, ‘अग्रगण्य’, ‘स्वप्न’, ‘मेहनती व प्रामाणिक’ ही चारही काढ. ती वाक्यं कुठल्याही कंपनीला, कुठल्याही जागेसाठी चालतात, म्हणून वाचणारा त्यांच्यावरून नजर पुढं नेतो. एआयकडून लिहून घेतलेल्या मेलचंही हेच होतं: एकाच दिवशी चार उमेदवारांचे मेल येतात आणि चौघांचे शब्द सारखे. व्याकरण तपासायला वापर, मजकूर तुझा ठेव. आणि चौकटी कंसात ‘कंपनीचे नाव’ तसंच राहिलेला मेल आजही येतो, तेव्हा पाठवण्याआधी मोठ्यानं वाच.

सोयाबीनचं वाक्य. दुःख खरं आहे आणि ते वाचणाऱ्यातल्या निम्म्यांच्या घरी तीच गत असते. तरी काढ. पॅनेलच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही, त्यामुळं ते तुझ्या बाजूनं मोजता येत नाही. उलट पगार ठरवायच्या वेळी तू कितीलाही तयार होशील असा अर्थ निघतो. तसंच कुणा नात्यातल्या साहेबाचं किंवा पुढाऱ्याचं नाव घालू नकोस; पॅनेलला तो दबाव वाटतो.

निकालाचा प्रश्न काढ. पगाराचाही नको.

जोडपत्रं सगळी काढ. रिझ्युमे त्यांच्याकडं आहे. आधार तर ऑफर हातात आल्याशिवाय कुणालाही पाठवू नये, आणि पाठवायची वेळ आली तर आधी शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार चालेल का ते विचार. नव्या पत्त्यावरून पाच फाइली जोडलेला मेल स्पॅममध्ये जाण्याची शक्यताही वाढते.

आता हे बघ:

‘नमस्कार मॅडम,

आज क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी माझी मुलाखत घेतलीत, त्याबद्दल आपले आभार. क्वालिटी हेड सर आणि प्लँट हेड सरांनाही माझे आभार कळवावेत.

बोअरवरच्या बरमुळे फायनल इन्स्पेक्शनवर येणारा ताण आणि तपासणी मशीनजवळच करण्याचा विचार, ही चर्चा मला महत्त्वाची वाटली. सध्या माझ्याकडे इन-प्रोसेस इन्स्पेक्शन आहे, त्यामुळे या कामात लवकर हातभार लावता येईल.

सीपी-सीपीकेबद्दल माझे उत्तर अर्धवट राहिले होते. सीपी फक्त पसारा मोजतो, सीपीके सरासरी किती सरकली तेही मोजतो. व्यास २० अधिक-उणे ०.०५, सिग्मा ०.०१, सरासरी २०.०२ असेल तर सीपी १.६७ येतो पण सीपीके १.०० च, सेटिंग मध्यावर आणले की तो वाढतो.

निवड झाल्यास ३० दिवसांची नोटीस पूर्ण करून रुजू होईन. बजाजनगरला राहण्याची सोय आहे, तिन्ही शिफ्टला हरकत नाही.’

खाली पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर. एवढंच. शंभर ते सव्वाशे शब्द, फोनच्या एका-दीड स्क्रीनमध्ये संपतो. तपासणी मशीनजवळ करायचा विचार त्यांनी बोलून दाखवला नसेल तर ते शब्द काढ. नोटीस आणि राहण्याची सोय तुझी खरी असेल ती घाल. तांत्रिक भागाचा परिच्छेद वेगळा ठेवलाय, म्हणजे मॅडम तो तसाच क्वालिटी हेडना पाठवू शकतील.

अजून एक, तुझा मेलचा पत्ता नाव-आडनाव असलेलाच आहे ना? कॉलेजात असताना काढलेल्या ‘किंग’ आणि ‘ॲटिट्यूड’वाल्या पत्त्यावरून असा मेल जाऊ नये. पण बोलावणं त्याच पत्त्यावर आलं असेल तर आता बदलू नकोस, साखळी महत्त्वाची. फक्त वर दिसणारं नाव सेटिंगमध्ये जाऊन नीट कर.

मांजरा_खोरं (लातूर)

ताई, मधेच विचारते, राग नसावा. सीनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावरच्या जागेसाठी मुलाखत आणि डेमो लेक्चर झालं. तिथंही असंच लिहायचं का? प्राचार्य, विभागप्रमुख आणि संस्थेचे सचिव असे बसले होते. आणि झेडपीच्या आरोग्य विभागातल्या कंत्राटी जागेची थेट मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे, तिथलं काय?

गोदातीर_नांदेड

मॅडम, दोन्हीकडं वेगळा नियम आहे, म्हणून मी सांगतो.

झेडपी, एमपीएससी, सरकारी बँका, महामंडळं, कुठलीही सरकारी भरती: काहीही पाठवू नका. आभाराचं सुद्धा नाही. अशा जाहिरातींत शिफारस किंवा वशिला लावण्याचा प्रयत्न केल्यास उमेदवारी रद्द, असा नियम असतो. दोन ओळींचं निर्मळ पत्रसुद्धा समितीला अडचणीत टाकतं, आणि गुण त्याच दिवशी लिहिलेले असल्यानं तुम्हाला फायदा शून्य. खोलीतून उठताना आभार मानायचे, तेवढंच. पुढचं सगळं संकेतस्थळावरच्या यादीत.

पूर्णवेळ मान्यताप्राप्त प्राध्यापक पदालाही जवळपास तेच लागू. त्या निवड समितीत कुलगुरूंनी नेमलेले विषयतज्ज्ञ असतात. त्यांना मेल, फोन, भेट, काहीही करू नये.

तासिका तत्त्वाची गोष्ट निराळी. तिथं निवड बरीचशी महाविद्यालयाच्या पातळीवर होते आणि प्राचार्यांना एक काळजी असते: वेळापत्रक लागल्यावर ही व्यक्ती अर्ध्यात सोडून जाणार नाही ना. म्हणून प्राचार्यांना मराठीत छोटा मेल लिहा, विभागप्रमुखांचा उल्लेख त्यातच करा. सचिवांना वेगळं लिहू नका, ते वशिल्यासारखं दिसतं. मजकुरात तीन गोष्टी हव्यात. डेमोचा विषय आणि तारीख. वर्गात एखादा प्रश्न अर्धा राहिला असेल तर त्याचं दोन ओळीत उत्तर. आणि आठवड्यातले कोणते दिवस, किती तास मोकळे आहेत. दुसऱ्या कॉलेजातही तास घेत असाल तर ते लपवू नका, नाहीतर वेळापत्रकात दोन्हीकडचे तास एकमेकांवर आले की ते बाहेर येतंच. नेट-सेटची स्थिती आहे तशी लिहा. निकाल लागायचा असेल तर ‘उत्तीर्ण’ लिहू नका.

सुरुवात ‘आदरणीय प्राचार्य महोदय’, शेवटी ‘आपली विश्वासू’. ‘आज्ञाधारक’ नको, तो विद्यार्थ्याचा अर्ज नाही.

टायपिंग सेंटरवरून मजकूर करून आणणार असाल तर सांभाळा. तिथं पुष्कळदा कृतीदेव किंवा श्रीलिपीत टाइप करतात. तो मजकूर मेलमध्ये चिकटवला की समोरच्याला इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो, आणि तुमच्या स्क्रीनवर तो फाँट असेल तर तुम्हाला तो गोंधळ दिसतही नाही. फोनवरच्या मराठी कीबोर्डवर युनिकोडमध्ये लिहा आणि आधी स्वतःलाच एकदा पाठवून दुसऱ्या फोनवर उघडून बघा.

कागदावर पत्र द्यायचंच असेल तर लक्षात ठेवा, आवक विभागात दिलेलं पत्र क्रमांक पडून फाईलला लागतं आणि तिथंच राहतं. त्यात नंतर पाळता येणार नाही असं वचन नको. मुलाखत १६ सप्टेंबरला असली तर दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवायच्या ऐवजी त्याच संध्याकाळी पाठवा. १७ला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या सकाळी प्राचार्य ध्वजवंदनाच्या गडबडीत असतात.

कुंडलिका_काठ (जालना)

मेल इंग्रजीत करून साडेसहाला पाठवला. व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकल्या. आता उत्तर नाही आलं तर किती दिवस थांबायचं? आणि दुसऱ्या एका जागेचा इंटरव्ह्यू कन्सल्टन्सीतर्फे होणार आहे, तिथं मेल कुणाला?

एचआर_चिकलठाणा

त्यांनी ‘आठ दिवसांत कळवतो’ असं म्हटलं असेल तर आठवा दिवस उलटून कामाचे दोन दिवस जाऊ दे. काहीच म्हटलं नसेल तर कामाचे सात-आठ दिवस. मोजताना कंपनीची साप्ताहिक सुट्टी धर, एमआयडीसीत ती रविवारीच असते असं नाही. मग त्याच साखळीत एकच मेल: अमुक तारखेच्या मुलाखतीबद्दल काही कळवण्यासारखं असल्यास कळवावं, मी या जागेसाठी अजून इच्छुक आहे. त्याचंही उत्तर नाही आलं तर तिसरा मेल नको, फोन नको, गेटवर जाणं तर नकोच. अर्ज दुसरीकडं चालू ठेव.

नकार आला तरी दोन ओळी लिही: कळवल्याबद्दल आभार, पुढं जागा निघाल्यास विचार व्हावा. निवडलेला उमेदवार रुजू झाला नाही की एचआर नवी जाहिरात द्यायच्या आधी जुनी यादी उघडते. दुसरीकडं तुझं जमलं आणि इथला निकाल बाकी असेल, तर तेही कळव. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा इथली एचआरची माणसं एकमेकांना ओळखतात, आणि न कळवता गायब झालेलं नाव लक्षात राहतं.

कन्सल्टन्सीतर्फे गेलास तर मेल कन्सल्टंटला, आणि त्यातच ‘हा मजकूर कंपनीकडं पोचवावा’ असं लिही. कंपनीला थेट लिहिलंस तर त्यांच्या फीचा प्रश्न येतो आणि तुझं नाव दोघांच्या वादात अडकतं. कंपनीच्या एचआरनं स्वतः तुला मेल केला असेल तर मात्र त्या मेलला उत्तर द्यायला हरकत नाही, कन्सल्टंटला सीसीत ठेव. कॅम्पस इंटरव्ह्यू असता तर कॉलेजच्या प्लेसमेंट सरांमार्फत.

मायक्रॉन

यात एक जोडतो. आभाराच्या मेलला उत्तर म्हणून ‘तुमची निवड झाली, रजिस्ट्रेशन किंवा गेट पासचे पैसे भरा’ असं आलं तर पैसे भरू नका. पाठवणाऱ्याचा पत्ता बघा. कंपनीच्या नावानं उघडलेलं साधं जीमेल असेल, किंवा कंपनीच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडं असेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावरचा नंबर शोधून त्यावर विचारा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला फोन लावा, सायबर फसवणुकीचा तो राष्ट्रीय क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

मांजरा_खोरं (लातूर)

सर, डेमोत एका मुलीनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर खरंच अर्धं राहिलं होतं, तेच आता लिहायलेय. सोमवार ते गुरुवार सकाळचे तास मोकळे आहेत, तेही टाकते. मेल आजच पाठवू की सोमवारी?

गोदातीर_नांदेड

आजच पाठवा मॅडम. शनिवारी कॉलेज अर्धा दिवस असलं तरी वेळापत्रकाचं काम सोमवारी सकाळी हाती घेतात, तेव्हा तुमचे दिवस आणि तास त्यांच्यासमोर असलेले बरे.